लहरी चाचण्या

माझा व्यवसाय संगणकाचा. नवा प्रोग्राम लिहिला की जुन्यात मिसळण्यापूर्वी तो शेकडो लहान चाचण्यांतून जातो. साऱ्या उतरल्या तर हिरवी खूण, एक जरी चुकली तर लाल. पण काही चाचण्या फार लहरी. सकाळी लाल, दुपारी हिरव्या; आणि मध्ये कुणी एक अक्षरही बदललेले नसते!

बहुतेकदा या लहरीचे मूळ वेळेत असते. २०१४ साली इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी अपाचेच्या प्रकल्पांतील अशा दुरुस्त्या तपासल्या. कारण उमगलेल्या दुरुस्त्यांपैकी सुमारे ४५ टक्के ठिकाणी दोष एकच : काम पुरे झाले की नाही हे न पाहता चाचणी पुढे गेली होती. लिहिणारा म्हणतो, ‘दोन सेकंद थांब.’ त्याच्या यंत्रावर ते पुरतात. कामाच्या गर्दीत दमलेल्या यंत्रावर पुरत नाहीत. मग कुणी दोनाचे पाच करतो. अशा शंभर चाचण्या एकामागून एक चालल्या की आठ मिनिटे नुसती झोपेत जातात, आणि एखाद्या दिवशी पाचही अपुरे पडतात.

आपल्या घरातल्या बायका कुकर लावून घड्याळाकडे बघत नाहीत, शिट्ट्या मोजतात. उपाय तोच. सेकंद मोजू नयेत. काम झाल्याच्या खुणेची वाट पाहावी. खूण आलीच नाही तर कधी हात टेकायचे, एवढीच कमाल मर्यादा घालावी. आणि जिथे प्रश्न खुद्द काळाचाच, उदाहरणार्थ तीस दिवसांनी मुदत संपते का, तिथे चाचणीच्या हाती खोटे घड्याळ द्यावे. काटे आपणच फिरवायचे.

माझ्या एका जुन्या कचेरीत मात्र रिवाज वेगळा होता : लाल आली की पुन्हा चालवा, हिरवी होईस्तोवर. खानापूरकडची एक नवी मुलगी एकदा म्हणाली, “सर, ही चाचणी लहरी नाही. दोन कामं एकाच वेळी एकच नोंद लिहितायत.” साहेबांनी ऐकून घेतले आणि बटण पुन्हा दाबले. पुढे काही ग्राहकांकडून एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. दोष तिने दाखवला तिथेच होता.

लहरी म्हणून शिक्का बसला की खरे बोलणेही कुणी ऐकत नाही. म्हणून अशी चाचणी दुरुस्त करावी, नाहीतर बाजूला काढून तिच्यावर कुणाचे तरी नाव लिहावे. हिरवी होईपर्यंत तिला पुन्हा पुन्हा विचारणे ही तपासणी नव्हे. ते हवे ते उत्तर वदवून घेणे आहे.