फुग्यात मावणारी अक्षरं

आमच्या कॉमिकची चित्रं तयार होती, संवाद लिहून झाले होते. राहिलं होतं ते फुग्यांत अक्षरं बसवणं, आणि ते काम मी आपणहून अंगावर घेतलं. कॉमिकच्या अक्षरांबद्दल वाचायला बसलो तर जे हाती लागलं ते सगळं इंग्रजी कॉमिकचं. तिथे संवाद बहुधा कॅपिटलमध्ये असतात, अक्षरांची उंची सारखी, त्यामुळे ओळी एकमेकींना खेटून बसतात. कॉमिक्राफ्ट, ब्लॅमबॉट अशी मंडळी तर खास त्यासाठीच फॉन्ट बनवतात.

आपल्याकडे कॅपिटल नाहीत. वर मात्रा, वेलांट्या, रफार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. अंतर वाढवलं की फुगा चित्र गिळतो. अक्षरं सुटी करून शब्दावर जोर द्यावा, तर शिरोरेघच तुटते. मला काही सुचेना.

मोफत मिळणारे फॉन्ट उतरवून घेतले. मुक्त स्वच्छ, वाचायला सोपा, पण त्यात आमची खलाशी नायिका सूचनाफलक वाचतेय असं वाटायचं. बलू गोल आणि गुबगुबीत. मोदक इतका जाड की अक्षरांच्या पोटात जागाच उरत नाही. मुखपृष्ठाला छान, संवादाला नाही. कलम मात्र हातानं लिहिल्यासारखा. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशी तीन वजनं आहेत, म्हणजे ओरडण्याची सोय झाली.

तरी निवड करायची कशावरून? शेवटी आमच्याच गोष्टीतली सगळ्यांत अडचणीची वाक्यं काढली. नायिका दर्या सोडून सह्याद्रीच्या दऱ्यांत शिरते. ‘दर्या’चा रफार आणि ‘दऱ्या’तला आडवा र वेगळे दिसलेच पाहिजेत, नाहीतर ती समुद्रातच राहील! मग ल आणि श. देवनागरी एकच असली तरी या दोन अक्षरांची मराठी वळणं हिंदीपेक्षा निराळी आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय आपली पुढे येत नाहीत. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर लावला नाही तर पहिली वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरं फुटतात. हे मला एका छपाईवाल्या काकांनी सांगितलं. वर म्हणाले, “आधी अक्षरं लिहा हो, फुगा मागून काढा.” त्यांच्या काळी हातानं असंच करायचे. फुग्याच्या मापाचा निम्मा गुंता तिथेच सुटला.

सर्वांत जास्त छळलं अनुस्वारानं. बोलणं म्हटलं की ‘झालं’, ‘केलं’, ‘कुठं’, ‘इथं’. एकेका फुग्यात चार-चार टिंबं. पडद्यावर ती ठसठशीत दिसतात. साध्या कागदावर बारीक टायपात छापली की जाड फॉन्टमध्ये टिंब शिरोरेघेला चिकटतं आणि ‘आलं’चं ‘आल’ होतं. म्हणून आता प्रत्येक पान छापूनच बघतो. कुजबुजीसाठी कलमचं लाइट वजन छान वाटलं होतं, पण त्यातलं टिंब पुसट येतं. कुजबूज मग रेग्युलरमध्येच ठेवली, फुग्याची कड तेवढी तुटक केली.

आवाजांचं काम चित्रकार मैत्रिणीनं स्वतःकडे घेतलंय. होडी खडकावर आपटते तिथलं ‘धाडकन’ ती ब्रशनं लिहितेय, शिरोरेघ मधोमध मोडून. त्या जागी फॉन्ट शोधायचा नाही, हे आमचं ठरलंय.