याचना आणि अर्ज

मूत्रपिंडे निकामी झाल्याला आता चौदा महिने झाले. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार तास, डाव्या हातातल्या फिस्टुलात दोन सुया घेऊन मी डायलिसिसच्या यंत्राशेजारी पडून असतो. दुर्गाघाटाजवळच्या आमच्या घराच्या गच्चीवरून गंगेचे विस्तीर्ण पात्र दिसते, आणि मला दिवसाला लिटरभरच पाणी पिण्याची मुभा आहे. या विसंगतीचीही सवय झाली. पत्नी आपले मूत्रपिंड द्यायला सिद्ध आहे, तपासण्याही जुळल्या आहेत. अडले आहे ते पैशापाशी. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी आजाराने आधीच संपवली. तेव्हा मदत मागणे आले.

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अंशतः साहाय्य मिळते. अर्जासोबत रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि छायाचित्रे जोडायची. सारे सरळ आहे. तरीही चाळीस वर्षे इतरांच्या गद्याची चिकित्सा करणाऱ्या मला एका पानाचा अर्ज तीन आठवडे लिहिता आला नाही. पहिल्या मसुद्यात माझे ग्रंथ आले, दुसऱ्यात माझ्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवलेले विद्यार्थी. जणू जगण्याचा अधिकार गुणवत्तेवर सिद्ध करायचा होता.

वस्तुतः मागणे आमच्या घराला नवे नाही. आजोबा वेदाध्ययनासाठी कोकणातून काशीत आले, ते माधुकरी मागूनच शिकले. ज्या नगरीत प्रत्यक्ष विश्वनाथ अन्नपूर्णेपुढे भिक्षापात्र घेऊन उभा राहतो, तेथे मागण्यात कमीपणा कसला? पण माधुकरी मागणाऱ्याला दारात एक हाक पुरत असे. आपले दारिद्र्य शिक्क्यानिशी सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावर येत नसे.

या दिवसांत जयप्रकाशांची आठवण वारंवार येई. राजघाटावरची गांधी विद्या संस्था त्यांनीच स्थापलेली. १९७५ च्या बंदिवासात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबरात सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार सुरू झाले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात निधन होईपर्यंत त्यांचे आयुष्य डायलिसिसवरच चालले. १९७६ मध्ये त्यांच्यासाठी यंत्र घेण्याकरिता लोकांकडून वर्गणी गोळा होत होती. इंदिरा गांधींनी पंतप्रधानांच्या मदत निधीतून ९०,००० रुपये पाठवले. जयप्रकाशांनी ते परत केले. ज्या निधीचा पैसा त्यांनी नाकारला, त्याच निधीच्या दाराशी मी उभा राहणार होतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर मदनपुऱ्यातला एक तरुण विणकर असतो. त्याला मूत्रपिंड देणार आहे त्याची आई. एके दिवशी त्याने संकोचत विचारले, ‘‘गुरुजी, माझा अर्ज लिहून द्याल?’’ तेथेच, उजवा हात मोकळा होता म्हणून, मी तो लिहिला. नाव, वय, आजार, खर्च, मिळकत. दहा ओळींत सारे आटोपले. त्याने आजवर किती साड्या विणल्या, हे लिहावे असे मला क्षणभरही वाटले नाही.

घरी आल्यावर हे सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, ‘‘त्या मुलाचा लिहिलात तसाच स्वतःचा लिहा, म्हणजे झालं.’’

त्या रात्री एक जुनी गोष्ट आठवली. १९७६ साली मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होतो. जयप्रकाशांच्या यंत्रासाठी एका वृद्ध सर्वोदयी कार्यकर्त्याच्या हाती मीही एक रुपया ठेवला होता. आपण भीक घालतो आहोत असे तेव्हा मनात आले नव्हते. उलट आपला रुपया घेतला जातो आहे, याचाच आनंद होता. जयप्रकाशांनी ९०,००० रुपये परत केले हे आपण सारे सांगतो. त्यांनी लोकांचे पैसे स्वीकारले, हे सांगायचे मात्र राहून जाते. घेण्यालाही मनाचा मोठेपणा लागतो. त्यांना नको होते ते ज्या सत्तेशी त्यांचा लढा होता तिच्या हातून आलेले दान. माझा कुणाशी असा लढा नाही. होता तो केवळ अहंकार, आणि स्वाभिमानाच्या नावाखाली मी त्याला जपत होतो.

शिवाय हा निधी कुणाच्या खिशातला नव्हे. जानेवारी १९४८ मध्ये फाळणीतल्या निर्वासितांसाठी नेहरूंच्या आवाहनावरून तो उभा राहिला. अर्थसंकल्पातून त्यात पैसा येत नाही. तो लोकांच्या देणग्यांवरच चालतो. म्हणजे हीही एक माधुकरीच, फक्त घरे दिसत नाहीत इतकेच.

दुसऱ्या दिवशी माझा अर्ज अकरा ओळींत झाला. ग्रंथ गेले, विद्यार्थी गेले. दोन्ही लिफाफे मी एकाच वेळी टपालात टाकले. तो तिशीतला, मी सत्तरीकडे झुकलेला. त्याचा अर्ज आधी मंजूर व्हावा असे मला मनापासून वाटते. माझाही व्हावा असे वाटते. यातले दुसरे वाक्य लिहिताना आता हात थांबत नाही.