वर्गणी कागदाची, अंक मोबाईलवर

तीन वर्षांची वर्गणी आगाऊ घेऊन छापील अंक मधेच बंद करणाऱ्या एका मराठी साप्ताहिकावरचा माझा राग अजून गेलेला नाही. नाव घेत नाही.

आम्ही म्हैसूरच्या हिनकलला राहतो, हुणसूर रस्त्याच्या उड्डाणपुलाजवळ. माझे वडील, आप्पा, रेल्वेच्या नोकरीत म्हैसूरला आले आणि इथलेच झाले. कानडी छान बोलतात, पण वाचायला त्यांना मराठीच लागतं. इथे मराठी पेपर दारात पडत नाही, म्हणून पोस्टाने येणाऱ्या त्या साप्ताहिकाची ते वाट बघायचे.

अंक येईनात तेव्हा आम्ही आधी पोस्टमनलाच बोल लावला. बिचारा शपथेवर सांगत होता. शेवटी साप्ताहिकाच्या कार्यालयात फोन केला, तर कळलं की छपाई कधीच थांबली आहे आणि ‘तुमची वर्गणी डिजिटलला वर्ग केली आहे’. कुणाला विचारून? कळवलं कुठे? तर ॲपवर! ॲप उघडायला ओटीपी हवा, आणि ओटीपी जाणार नोंदवलेल्या नंबरवर. तो नंबर आमच्या लँडलाइनचा, ती काढून कित्येक वर्षं झाली. नंबर बदलून द्या म्हटलं, तर ‘आधी लॉगिन करा’. मग उरलेले पैसे तरी परत द्या. ‘तशी सोय नाही, सर.’ बोलणारी मुलगी नम्र होती, तिच्यावर काय चिडायचं? पण 85 वर्षांच्या वर्गणीदाराला एक पोस्टकार्ड टाकायला काय पडलं असतं? पोस्टकार्ड आजही 50 पैशांना मिळतं.

कागद महागला, जाहिराती मोबाईलकडे गेल्या, छपाई परवडत नाही, हे सगळं मला कळतं. पण याच म्हैसुरातून ‘सुधर्मा’ हे संस्कृत दैनिक निघतं. कळले नडादूर वरदराज अय्यंगार यांनी ते 1970 मध्ये सुरू केलं. 2009 मध्ये त्याचा ई-पेपर आला, तरी छापील अंक वर्गणीदारांना पोस्टाने जात राहिले. तेव्हा ते चालवणारे त्यांचे चिरंजीव संपतकुमार आणि सूनबाई जयलक्ष्मी यांना 2020 ची पद्मश्री मिळाली. त्यांच्यामागे कुठलं मोठं भांडवल होतं?

आता दुसरी बाजूही सांगतो. माझ्या मुलीने आप्पांना टॅब्लेट आणून दिला. साने गुरुजींनी 1948 मध्ये काढलेल्या ‘साधना’चे जुने अंक ते त्यावर वाचतात. अक्षर बोटांनी हवं तेवढं मोठं करतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही हातात असलेलं भिंग आता लागत नाही. कागदापेक्षा हे बरं, असं परवा स्वतःच म्हणाले. ते ऐकून मी जास्तच चिडलो. त्या साप्ताहिकाने नीट विचारलं असतं, शिकवलं असतं, तर आप्पा आनंदाने ॲपवर गेले असते की!

संपादकांकडे मागणं एवढंच आहे. ज्यांनी कागदी अंकाचे पैसे भरलेत, त्यांना मुदत संपेपर्यंत कागदी अंक द्या, नाहीतर उरलेले पैसे परत करा. आणि छपाई बंदच करायची असेल, तर तसं त्यांना पोस्टाने कळवा.