नंदी कुठे न्यायचा

१७ ऑगस्ट २०२५, रविवार. बोरगाव
वकीलबाईंनी घटस्फोटासाठी सहमतीच्या अटींचा मसुदा पाठवला. मुलाविषयी एकच ओळ: ताबा आईकडे, वडिलांना भेटीची मुभा. कधी, कुठे, किती वेळ, काहीच नाही. हे असं मोघम राहिलं तर प्रत्येक भेटीआधी बोलाचाली होणार आणि निरोप पोहोचवायला सात वर्षांचं पोर धावणार. ते काम त्याच्याकडे जाऊ द्यायचं नाही. वहीत त्याचा आठवडा लिहून काढला: शाळा, अभ्यास, खेळ, झोप. अटी या आठवड्यावरून ठरतील.

२० ऑगस्ट, बुधवार
त्याच्या बाबांशी फोनवर बोलणं झालं. शाळा इथली, म्हणून राहणं बोरगावला. एक आड एक शनिवार-रविवार नागपूरला. आणणं-सोडणं सावनेरच्या बसस्टँडवर, दोघांनाही सोयीचं. अडलं ते सुट्ट्यांवर. शाळा मध्य प्रदेशातली, बाबांचं घर महाराष्ट्रातलं. दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या तारखा जुळत नाहीत. शेवटी ठरलं की सुट्टी त्याच्या शाळेची धरायची, बाबांनी रजा तशी काढायची.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
तोरणाखाली बैल उभे राहिले, झडत्या झाल्या. उद्या तान्हा पोळा, पोरांनी लाकडी नंदी मिरवायचा. इथे माझ्या बाबांनी लाकडी नंदीला रंग दिलाय, तिकडे नागपूरच्या आजीनेही नंदी सजवून ठेवलाय. कुठला न्यायचा, हे पोराला विचारायचं नाही असं आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं. एकाला हो म्हणताना दुसऱ्याला नाही म्हणावं लागतं, आणि तो भार त्याचा नाही. यंदा नागपूर, पुढच्या वर्षी बोरगाव. संध्याकाळी सावनेरला सोडून आले.

२३ ऑगस्ट, शनिवार
आज पांढुर्ण्यात गोटमार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मध्ये पळसाच्या झाडावरचा झेंडा आणि दोन्हीकडून दगड. ताब्याच्या भांडणात मूल त्या झेंड्याच्या जागी उभं असतं. जिंकलं कोणीही, दगड त्याच्याच अंगावरून जातात.

२४ ऑगस्ट, रविवार
नंदी घेऊन घरोघर फिरून मिळालेले बोजाऱ्याचे पैसे मोजत आला. नंदीची मिरवणूक, आजीची पुरणपोळी, सगळं सांगितलं. मी ऐकत राहिले. तिकडचं कौतुक त्याला इथे मोकळेपणी करता आलं पाहिजे.

२५ ऑगस्ट, सोमवार
वकीलबाईंनी कायदा नीट समजावला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचं हित सर्वोपरी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबाबतचे आदेश पुढे बदलून घेता येतात, म्हणजे तो बारा-तेरा वर्षांचा झाला की आठवडा नव्याने आखता येईल. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. २०२० च्या यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आई-वडील दोघांच्याही प्रेमावर मुलाचा हक्क आहे. माझ्याकडे ताबा असला तरी हा हक्क त्याचाच. तो मला ना देता येतो, ना काढून घेता येतो.

२६ ऑगस्ट, मंगळवार
मसुदा नव्याने लिहून पाठवला. रोज रात्री आठला बाबांचा व्हिडिओ कॉल, त्या वेळी मी खोलीत थांबणार नाही. आजारपण, शाळेचा निकाल, फी यांची खबर आम्ही एकमेकांना थेट देणार, पोरामार्फत नाही. लक्ष्मीपूजन एका घरी तर भाऊबीज दुसऱ्या घरी, दर वर्षी आलटून-पालटून. त्याच्या बाबांनी एक अट वाढवली: त्याच्यासमोर एकमेकांविषयी वाईट बोलायचं नाही. ती मी पहिल्या क्रमांकावर घेतली.