शब्दाला दीड रुपया

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे कामाचा पार ठणठणाट होता. फ्रीलान्स पत्रकार म्हटलं की लोकांना पार्ट्या आणि सेलिब्रिटी आठवतात. आम्हाला आठवते ती घरभाड्याची पाच तारीख. अशात जिमवाल्यांसाठी ऑनलाइन सप्लिमेंट विकणाऱ्या एका साइटचं काम आलं. डब्याच्या फोटोखाली मजकूर असतो ना, तो लिहायचा. शब्दाला दीड रुपया. मास कॉमला एथिक्सचा पेपर होता, त्यात मार्कही बरे होते. पण भाडं भरायचं होतं, बॉस!

जाम भारी लिहिलं मी. 'पहिल्या स्कूपपासून फरक जाणवेल', 'शंभर टक्के सेफ, लॅब टेस्टेड'. लॅब कुठली, टेस्ट कसली, मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी रात्री साडेअकराला धाकट्या भावाचा फोन. "ताई, छाती नुसती धडधडतेय गं. हात थरथरतायत." हा हिंजवडीत आयटीत, नुकतंच जिमचं खूळ लागलेलं. रिक्षा करून त्याला हॉस्पिटलात नेलं. ईसीजी काढता काढता डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलंस?" त्याने मोबाइलवर प्री-वर्कआउट पावडरचं पान उघडून दिलं. डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं, "शंभर टक्के सेफ, लॅब टेस्टेड." मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले.

डब्यावर लिहिलं होतं, एका स्कूपमध्ये ३०० मिलिग्रॅम कॅफिन. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत सहसा चालतं, असं अमेरिकेचं अन्न-औषध खातं सांगतं. पठ्ठ्याने मित्राच्या सल्ल्याने दोन स्कूप मारलेले, वर ऑफिसातली कॉफी. आणि हे झालं छापलेलं. त्याखाली 'प्रोप्रायटरी ब्लेंड' नावाची एक ओळ होती. म्हणजे काय काय घातलंय ते सांगू, किती ते नाही!

पहाटे त्याची धडधड थांबली. मग माझ्यातली पत्रकार जागी झाली. (उशिराच, मान्य.) वाचत सुटले. २०१२च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ३० वर्षांची एक तरुणी शेवटच्या मैलात कोसळली आणि गेली. पाण्याच्या बाटलीत तिने अशाच पावडरचा एक स्कूप घातला होता. त्यात होतं डीएमएए. मुळात १९४०च्या दशकातलं चोंदलेलं नाक मोकळं करायचं औषध. रक्तवाहिन्या आवळतं, ब्लडप्रेशर वाढवतं. काही डब्यांवर ते जिरेनियमचा अर्क म्हणून मिरवायचं. फूल म्हटल्यावर कोण घाबरणार? २०१३च्या चौकशीत कोरोनरने म्हटलं, हे रसायन आणि धावण्याचे अतोनात श्रम मिळून तिचं हृदय बंद पडलं असावं. ती पावडर तिने चोरून मिळवलेली नव्हती. तेव्हा ब्रिटनमध्ये ती राजरोस मिळायची.

भावाच्या डब्यात डीएमएए होतं असं माझं म्हणणं नाही. नव्हतं, असंही मी सांगू शकत नाही. त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर होता, आणि तेवढ्यावर आपण निर्धास्त होतो. तो नंबर धंद्याच्या लायसन्सचा; आपल्या हातातली पावडर कुणी तपासली, याची ती पावती नव्हे.

घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "तू त्यांच्यासाठी लिहितेस ना, म्हणून तिथूनच घेतलं." मी काही बोलले नाही. उरलेला डबा मी बेसिनमध्ये ओतला तेव्हा मात्र तो कळवळला, "अगं, दोन हजारांचा आहे!"

दुसऱ्या दिवशी साइटला फोन केला, ती ओळ काढा म्हणून. पलीकडचा मुलगा एकदम गोड बोलला. "हो मॅडम, सांगतो टेकवाल्यांना. बाय द वे, नवीन फॅट बर्नर आलाय, या वेळी रेट दोन रुपये." नाही म्हटलं. त्या महिन्याचं भाडं मैत्रिणीकडून उसनं घेतलं.

परवा सहज ते पान उघडलं. ओळ तिथेच आहे.