घरचा सर्व्हर आणि वेगळी चूल

मंडळी, या आठवड्याचा प्रश्न तसा चिल्लर आहे. घरी एक छोटा सर्व्हर ठेवायचा, तर त्यावर साधं लिनक्स टाकून भागवायचं, की प्रॉक्समॉक्ससारखा व्हर्च्युअलायझेशनचा खास प्लॅटफॉर्म आधी बसवायचा? ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर हा विषय काढा, दोन मिनिटांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "प्रॉक्समॉक्स नाही तर तो सर्व्हर कसला?" दुसरा म्हणतो, "डेबियन टाक, डॉकर टाक आणि झोप." मी दोन्ही बाजूंनी आलटून पालटून भांडलेय. पण या वेळी प्रश्न माझ्या पुण्यातल्या फ्लॅटचा नव्हता, कुंडलच्या घराचा होता. त्यामुळे उत्तर बदललं. कसं, ते सांगते.

कुंडल म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं आमचं गाव. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाडांचं गाव, १९४३ नंतरच्या प्रतिसरकारच्या इतिहासात वारंवार येणारं. रेल्वेने आलात तर किर्लोस्करवाडीला उतरायचं. त्या स्टेशनाचं जुनं नावच मुळी कुंडल रोड. पुण्याहून अंतर साधारण २०० किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या घरातल्या सर्व्हरला दोन कामं करायची आहेत.

पहिलं काम फोटोंचं. माझ्या मामाचं गाव कृष्णेच्या काठावर. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात त्याचं घर कित्येक दिवस पाण्यात होतं. माणसं आणि जनावरं आधीच बाहेर पडली होती, भांडीकुंडी नंतर धुऊन घेतली. अल्बम मात्र लगदा झाले. आईच्या लग्नाचे, आज्जीचे, मामाच्या पहिल्या ट्रॅक्टरचे, सगळे. आईने त्यातला एक अल्बम उन्हात वाळवून बघितला. पानं सुटली, चेहरे सुटले नाहीत. तेव्हापासून नातेवाइकांकडे उरलेसुरले जेवढे फोटो आहेत ते मी स्कॅन करून गोळा करतेय. ते सगळं घरात, सगळ्यांना बघता येईल असं ठेवायचं आहे.

दुसरं काम आण्णांच्या द्राक्षबागेचं. बाग घराला लागूनच आहे. तिथे तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं ते मोजणारे सेन्सर बसवलेत. ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले दीड-दोन महिने बागायतदाराची झोप उडालेली असते. त्या दिवसांत पाऊस झाला, धुकं पडलं, पानं बराच वेळ ओली राहिली की डावणी येते, आणि ती घडावर गेली तर वर्षाचं पीक जातं. फवारणी आज करायची की उद्या, हे आण्णा इतकी वर्षं अंदाजाने ठरवत आलेत. आता पहाटे उठून मोबाईलवर आलेख बघतात आणि मग अंदाजाने ठरवतात :-)

यंत्र म्हणाल तर टिफिनच्या डब्याएवढा जुना मिनी पीसी. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, आणि बाहेरून जोडलेली २ टीबीची यूएसबी डिस्क. नुसता बसून असेल तर साधारण १० वॉट खातो, म्हणजे महिन्याला सातेक युनिट. कंपन्यांमधून भंगारात निघालेले मोठे रॅक सर्व्हर स्वस्त मिळतात, पण त्यातला एखादा १५० वॉट खात असेल तर महिन्याचे १०८ युनिट होतात. हा मोह पहिल्याच फेरीत बाद.

आता मुख्य मुद्दा. त्यासाठी थोडा इतिहास बघू, कारण मेख तिथेच आहे.

व्हर्च्युअल मशीन ही कल्पना क्लाउडवाल्यांची नाही. आयबीएममध्ये १९६० च्या दशकात तिच्यावर काम सुरू झालं आणि १९७२ मध्ये त्यांनी व्हीएम/३७० जाहीर केलं. मेनफ्रेम प्रचंड महाग, वापरणारे ढीगभर. मग एकाच यंत्रावर प्रत्येकाला आपापलं स्वतंत्र यंत्र असल्याचा भास करून द्यायचा. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर विहीर एक, भाऊ चार आणि पाण्याची पाळी लावलेली. आपल्या पाळीपुरती विहीर आपलीच. पुढे १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी निघाली आणि हा खेळ साध्या पीसीवर आला. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच त्याची सोय केली. २००७ मध्ये केव्हीएम थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झालं. २००८ मध्ये व्हिएन्नाच्या एका कंपनीने डेबियन आणि केव्हीएम यांची मोट बांधून, वर ब्राउझरमधून चालवायची सोय देऊन प्रॉक्समॉक्स काढलं.

म्हणजे मूळ कारण काय? महाग यंत्र आणि भरपूर वापरणारे. आमच्या घरी नेमकं उलट. यंत्र जुनं, स्वस्त, आणि वापरणारे तीन: आई, आण्णा आणि मी. पाळी लावायची कुणासाठी?

शिवाय डॉकर आहेच. २०१३ पासून कंटेनर इतके सोपे झालेत की एका साध्या डेबियनवर दहा सेवा गुण्यागोविंदाने नांदतात. फरक एवढाच की कंटेनर म्हणजे एकत्र कुटुंब. ताटं वेगळी, पण चूल एकच, आणि ती चूल म्हणजे लिनक्सचं कर्नल. व्हर्च्युअल मशीन म्हणजे वाडा तोच, पण चुली वेगळ्या. वेगळ्या चुलीला सरपण जास्त लागतं. प्रत्येक मशीनला रॅमचा आपला वाटा आधी तोडून द्यावा लागतो, प्रत्येकाचे अपडेट वेगळे, आणि वर खुद्द प्लॅटफॉर्मचे अपडेट आहेतच. १६ जीबीच्या डब्यात ही वाटणी परवडते, पण उधळपट्टी करण्याइतकी नाही.

इथवर हिशोब केला की साधं लिनक्स जिंकतं. पुण्याच्या फ्लॅटवर ते जिंकलंही. तिथे एका जुन्या लॅपटॉपवर नुसतं डेबियन आणि डॉकर आहे, माझे सगळे उद्योग त्यावर चालतात. काही बिघडलं तर मी उठते, लॅपटॉप उघडते, दुरुस्त करते. फार तर माझी एक संध्याकाळ जाते.

कुंडलमध्ये मात्र मधे ते २०० किलोमीटर येतात.

समजा नोव्हेंबरमधली मंगळवारची रात्र आहे. मी पुण्यात बसून कुंडलच्या डब्यावर अपडेट चालवलं आणि रीबूटनंतर त्याचं नेटवर्क उठलंच नाही. साध्या लिनक्सवर आता एकच उपाय. त्याला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडायचा आणि समोर बसायचं. समोर कोण? आण्णा. मी फोनवर विचारणार, "आण्णा, स्क्रीनवर काय दिसतंय?" आणि ते म्हणणार, "काळं दिसतंय." आण्णा हुशार आहेत, मोटरचा स्टार्टर उघडून स्वतः दुरुस्त करतात. पण लिनक्सच्या बूट मेनूत त्यांना रात्री अकराला ढकलणं हा अन्याय आहे. म्हणजे शनिवारपर्यंत सेन्सर आंधळे. आणि डावणी काही शनिवारची वाट बघत नाही.

खालचा प्लॅटफॉर्म वेगळा असेल तर हेच चित्र बदलतं. बिघडलं ते आतलं मशीन, खालचा वाडा शाबूत. बिघडलेल्या मशीनचा काळा पडदा मला पुण्यात ब्राउझरमध्ये दिसतो, तिथे टाईप करता येतं. अपडेटच्या आधी स्नॅपशॉट काढलेला असला की एका क्लिकवर पुन्हा कालच्या स्थितीत. आण्णांना फोन करायचीसुद्धा गरज नाही.

तुम्ही म्हणाल, केव्हीएम तर साध्या डेबियनवरही चालतं, मग खास प्लॅटफॉर्म कशाला? बरोबर आहे. सगळं हाताने जोडता येतं. पण बॅकअपचं वेळापत्रक, स्नॅपशॉट, लाईट आल्यावर कुठलं मशीन आधी आणि किती वेळाने उठवायचं, हे सगळं मला तिथे एकेक करून बांधावं लागेल, आणि वर्षभराने ते कसं बांधलं होतं ते आठवावं लागेल. प्रॉक्समॉक्समध्ये ते एका जागी, तयार मिळतं. बागेसाठी होम असिस्टंट वापरतेय. ते कंटेनरमध्ये चालतं खरं, पण त्याच्या जोड-सुविधा नीट हव्या असतील तर त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लागते. म्हणजे दुसरी चूल तिथेही आलीच.

याच संदर्भात मला आमच्या गावाचा जुना इतिहास आठवतो. कुंडल हा औंध संस्थानचा एक तालुका होता. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ, असे चार तालुके, आणि तेही सलग नव्हे, विखुरलेले. राजधानी एकीकडे, मुलूख भलतीकडे. १९३९ मध्ये पंतप्रतिनिधींनी राज्यघटना देऊन कारभार गावपंचायतींपासून वरपर्यंत लोकांकडे सोपवला. त्यामागे गांधीजींचा सल्ला होता आणि मोठा विचार होता, त्याची सर्व्हरशी तुलना करायचा माझा इरादा नाही. पण लांबच्या जागेबद्दलचा व्यवहारी शहाणपणा तोच आहे. जे दूर आहे त्याला रोजचं रोज स्वतःचं स्वतः चालता आलं पाहिजे. राजधानीचा निरोप येईपर्यंत थांबून भागत नाही.

तर निर्णय असा झाला. पुण्यात साधं लिनक्स, कुंडलमध्ये प्रॉक्समॉक्स. टपरीवरच्या मित्रांनी बरोबर उलटा सल्ला दिला होता, "गावी साधं ठेव, खेळ पुण्यात कर." पण मला वाटतं, प्लॅटफॉर्म लागतो की नाही हे यंत्र किती मोठं आहे किंवा मालक किती हौशी आहे यावर ठरत नाही. दुरुस्त करणारा माणूस किती लांब बसलाय आणि बंद पडल्यावर कुणाचं अडतं, यावर ठरतं.

अर्थात याला पथ्यं आहेत. मी पाळतेय ती सांगते.

एक. आत मशीन दोनच. एक बागेचं, एक फोटोंचं. तिसरं "बघू या चालतंय का" असलं काही तिथे नाही. प्रयोग पुण्यात.

दोन. खालचा प्लॅटफॉर्म अपडेट करायचा तो मी कुंडलमध्ये असतानाच, आणि तेही मे महिन्यात. त्याचं नेटवर्क गेलं तर मघाचीच गोष्ट, काळा पडदा आणि आण्णा. दिवाळीला घरी असते, पण तेव्हा बाग ऐन धोक्यात असते, म्हणून दिवाळीत हात लावायचा नाही.

तीन. पुण्याहून घरात शिरायचा वायरगार्डचा बोगदा खालच्या प्लॅटफॉर्मवर, आतल्या मशीनमध्ये नाही. नाहीतर ज्या खोलीला कुलूप लागलंय तिच्यातच किल्ली.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच एसएसडीवर असतो. ती गेली की दोन्ही गेलं. त्यामुळे मशीनचा रोज रात्रीचा बॅकअप एसएसडीवर नाही, दुसऱ्या डिस्कवर. पण तेवढ्यावरही माझं समाधान नाही, कारण तो बॅकअप परत उघडायला पुन्हा प्रॉक्समॉक्सच लागतं. प्लॅटफॉर्मचा भरवसा किती धरायचा? ब्रॉडकॉमने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हीएमवेअर विकत घेतलं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत फुकट मिळणारं ईएसएक्सआय बंद झालं. कितीतरी लोकांचे घरचे सर्व्हर त्यावर उभे होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते परत आलं, पण तोवर बरेच जण बिऱ्हाड हलवून मोकळे झाले होते. प्रॉक्समॉक्स मुक्त सॉफ्टवेअर आहे, तिथे एवढी भीती नाही. तरीही फोटो हे फोटो म्हणूनच राहिले पाहिजेत. म्हणून यूएसबी डिस्कवर त्यांची साधी प्रत असते. वर्षाचा फोल्डर, आत प्रसंगाचा फोल्डर, आत जेपीजी. कुठल्याही लॅपटॉपला डिस्क लावा, उघडा आणि बघा. आणि दुसरी प्रत रोज रात्री पुण्याला येते, कारण पुराचं पाणी डिस्क कुठल्या फॉर्मॅटची आहे ते विचारत नाही.

पुण्यातल्या प्रतीवरून खरंच सगळं परत उभं राहतं का, तेही करून बघितलं. एका रिकाम्या डिस्कवर मामाच्या घरचे म्हणून शिल्लक राहिलेले सगळे फोटो उतरवले आणि आईला दाखवले. ते एकूण एकतीस आहेत. आईने मोजले.

आण्णांना हे सगळं थोडक्यात सांगितलं. लाईट गेली तर काय, एवढंच त्यांनी विचारलं. इन्व्हर्टर आहे, तोही संपला तर डबा बंद पडेल आणि लाईट आली की आपला आपण चालू होईल, आधी बागेचं मशीन उठेल, मग फोटोंचं, असं मी म्हटलं.

"म्हंजी मोटरला ऑटो बसवलाय तसं."

"हो आण्णा, तसंच."

"मग एवढा वेळ काय सांगत हुतीस?"

असो. तुमच्याही घरी असा डबा ठेवायचा विचार चालू असेल, तर आधी एवढंच ठरवा की तो बंद पडल्यावर पहिला फोन कोण करणार आणि कुणाला. बाकीचं सोपं आहे. आमच्याकडे छाटणी झालीय, पानं फुटायला लागलीत, आणि डब्याला मेपर्यंत सुट्टी.