बोटांतला उजेड

आजोळी देवघराशेजारी एक जुनं कॅलेंडर होतं. साल उलटलं, तारखांची पानं गळाली, पण चित्र कुणी उतरवलं नाही. एका हातात दिवा आणि दुसरा हात ज्योतीआड धरलेली तरुणी. ‘रविवर्म्याचं आहे,’ आजी सांगायची. दिवेलागणीला मी त्या तरुणीकडे बघत पर्वचा म्हणायचे.

पुढे व्यक्तिचित्रण शिकायला लागले तेव्हा सर म्हणाले, “एखादं थोर चित्र घे आणि जसंच्या तसं उतरव.” मी तेच निवडलं आणि आजीची चूक कळली. रविवर्मा १९०६ मध्येच गेले. हे ‘ग्लो ऑफ होप’ सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं. १९४५-४६च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या मुलीला, गीताला, समोर उभं करून ते रंगवलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. मी तैलरंग समजून चालले होते, निघाले जलरंग.

सरांनी माझ्याकडची पांढऱ्या रंगाची ट्यूब काढून घेतली. जिथे उजेड हवा, तिथे कागद कोरा राखायचा. एकदा रंग लागला की तो पांढरा परत मिळत नाही.

पहिल्या तीन प्रती चेहऱ्यावरच फसल्या. सवयीने मी नाकाखाली सावली टाकत होते. एरवी उजेड वरून येतो; इथे दिवा खाली आहे. हनुवटीची खालची बाजू उजळते आणि सावल्या वर चढतात. चेहरा पाठ होता, म्हणून मी तो बघतच नव्हते.

मग बोटं. एका रात्री दिवे मालवून निरांजन लावलं आणि हात आडवा धरला. बोटांच्या कडा केशरी पेटल्या. मध्ये, जिथे बोट जाड, तिथे काळोखी लाली. तसंच रंगवलं. आधी पिवळ्याचा पातळ हात, तो पुरता वाळल्यावर केशरी, शेवटी लाल. ओल्यावर ब्रश टेकला की रंग मळायचा.

सातवी प्रत जमली. ती आता माझ्या देवघराशेजारी आहे. खाली लिहिलंय, ‘हळदणकरांच्या चित्रावरून’, आणि मग बारीक अक्षरात माझं नाव. थोरांची चित्रं जरूर उतरवा. त्यांच्याइतका चांगला शिक्षक नाही. फक्त खाली त्यांचं नाव लिहायला विसरू नका.